राजेंद्र तुपे ब्राउझर बदलतात

माणसानं घर बदलावं, गाडी बदलावी, फारच अंगात आलं तर पक्ष बदलावा. पण पोरीच्या लग्नाची बोलणी तोंडावर आलेली असताना ब्राउझर बदलू नये. राजेंद्र तुपेंना आज कोणी विचारलं तर ते हेच सांगतील. न विचारताही सांगतील. त्या आठवड्यात मात्र त्यांना हे सांगणारं कोणी भेटलं नाही, आणि बाकी सगळं सांगणारे मात्र जिन्यात, गच्चीवर, ऑफिसात, जिथं जावं तिथं भेटत होते.

राजेंद्रराव म्हणजे एका कनिष्ठ महाविद्यालयाचे कार्यालय अधीक्षक. राहायला शहरात, उस्मानपुऱ्यात, फ्लॅट मालकीचा, मूळ गाव फुलंब्री. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची फीत त्यांनी कापलेली होती, आणि रोज संध्याकाळी त्याच्यावर पांघरूण घालायचं कामही त्यांच्याकडंच होतं. तेव्हापासून आपल्याला कॉम्प्युटरमधलं कळतं अशी त्यांची जी समजूत झाली ती अजून कोणी दूर केलेली नव्हती.

तर त्यांची लेक तनुजा. पोरगी हुशार, नोकरीवाली, आणि स्थळांना नाही म्हणण्यात पटाईत. एक हसतो कसा म्हणून नको, एक हसतच नाही म्हणून नको. कन्नडचा ऋतुराज बोरसे, वाळूजला कंपनीत इंजिनियर, त्याला ती निराला बाजारात भेटून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "चालेल." एवढा एक शब्द ऐकून रूपाताईंनी, म्हणजे तिच्या आईनं, देवापुढं साखर ठेवली. मग तनुजा वडिलांकडं वळून म्हणाली, "पप्पा, एक सांगू? या वेळेला तुम्ही काही करू नका. फक्त बसा."

हे वाक्य राजेंद्ररावांना लागलं. बाप म्हणून लागलं, आणि अधीक्षक म्हणून तर फारच लागलं.

रविवारी बोरसे मंडळी येणार होती. पण बोरशांच्या घरात मामाचा शब्द असल्याशिवाय पान हलत नाही, आणि मामा तर दुबईला. तेव्हा मामा व्हिडिओ कॉलवर येणार असं ठरलं. "मोबाईलच्या एवढ्याशा काचेत मामाला कसं बघायचं? आपण टीव्हीवर लावू. लॅपटॉप जोडू. मी करतो," राजेंद्रराव म्हणाले. झालं, फक्त बसायचं होतं ते संपलं.

बुधवारी संध्याकाळी रंगीत तालीम झाली. लॅपटॉप टीव्हीला जोडला, ब्राउझर उघडला, आणि राजेंद्ररावांनी शोधायच्या चौकोनात क्लिक केलं. त्याबरोबर आधी कधीकाळी विचारलेले सगळे प्रश्न त्या चौकोनाखाली, भिंतभर टीव्हीवर, ठळक अक्षरात उभे राहिले:

कन्नडचे सांडू बोरसे माणूस कसा आहे
सांडू बोरसे कन्नड भांडणं
वडिलांना टक्कल असेल तर मुलाला पडतं का
म्हशीला ताप किती असावा
मेल्यावर माणूस कुठं जातो

सांडू बोरसे म्हणजे ऋतुराजचे वडील. पहिले दोन प्रश्न राजेंद्ररावांचे. पोरीच्या बापानं चौकशी करू नये तर काय करावं? टक्कल रूपाताईंचं. म्हशीचा ताप फुलंब्रीच्या धाकट्या भावाचा, गोकुळचा. आणि शेवटचा प्रश्न राजेंद्ररावांच्या आईचा, चतुराबाईंचा. त्या गोकुळकडं असतात, चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षर लावून लावून वाचतात. पण लिहायचा कंटाळा, म्हणून मोबाईलला तोंडानं विचारतात. पिठलं खारट झालं तरी त्यालाच विचारतात.

आता तुम्ही म्हणाल, फुलंब्रीची म्हैस उस्मानपुऱ्याच्या टीव्हीवर कशी? तर घरात स्मार्टफोन आले तेव्हा फुलंब्रीच्या मोबाईल दुकानात अझहरनं विचारलं होतं, "सर, प्रत्येकाचं वेगळं खातं काढू?" आणि राजेंद्ररावांनी अधीक्षकी थाटात सांगितलं होतं, "कशाला? रेशनकार्ड एका घराला एकच असतं ना? तसं एकच काढ." तेव्हापासून सगळं तुपे घराणं एकाच खात्यावर नांदत होतं. एकानं विचारावं आणि सगळ्यांच्या फोनवर दिसावं. घरात कोणाला याचं काही वाटत नव्हतं. उलट रूपाताईंना सासूबाईंच्या तब्येतीची खबर त्याच्यातूनच कळायची.

"अहो, हे रविवारी त्यांच्यासमोर असं दिसलं तर?" रूपाताईंनी पदर तोंडावर धरला. तनुजा तर पांढरीफटक पडली. म्हणाली, "पप्पा, मी माझ्या फोनवर लावते कॉल. तुम्ही हे सगळं राहू द्या ना."

"राहू द्या काय? मी काय अडाणी आहे का?" राजेंद्रराव म्हणाले. "दोष ब्राउझरचा आहे. ब्राउझर बदलायचा. विषय संपला."

विषय अर्थातच तिथून सुरू झाला. चांगला ब्राउझर म्हणजे नेमका कोणता, हे ठरवायला त्यांनी लोकांना विचारलं. आपल्याकडं डॉक्टरला विचारण्याआधी चार जणांना विचारतात, हा तर साधा ब्राउझर होता.

पहिले भेटले वरच्या मजल्यावरचे निजामुद्दीनभाई. पाटबंधाऱ्यातून रिटायर, दाढी मेंदीची, आणि कोणत्याही विषयावर मत तयार. "राजूभाई," ते जिन्यातच बसले, "ब्राउझर में पैली चीज क्या होना? परदा! जो देखा सो पेट में रखना. आता आमची बिल्किसच बघा. तिला सकाळी कानात सांगितलेली बात दुपारच्याला ज्युबिली पार्कला पोचती. घर में एक बिल्किस हय तो बस हय, ब्राउझर भी वैसाच हमकू नक्को." वरून बिल्किसभाभींचा आवाज आला, "सब सुन रही मैं!" निजामुद्दीनभाई आवाज उतरवून म्हणाले, "देखो, परदा नाही तर असं होतं."

समोरच्या फ्लॅटमधला सम्यक पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. तो म्हणाला, "काका, स्पीड. बाकी सगळं बोलायचं असतं. पान पटकन उघडलं पाहिजे." त्यानं लॅपटॉप बघितला आणि त्याचे डोळे विस्फारले. वरच्या पट्टीत एवढी पानं उघडी होती की एकाचंही नाव वाचता येत नव्हतं. "काका, हे बंद का नाही करत?" राजेंद्रराव म्हणाले, "लागतात." ऑफिसातल्या कोणत्याही फाईलबद्दल ते हेच सांगतात, आणि ऑफिसातल्या कोणत्याही फाईलसारखी ही पानंही आजवर कोणाला लागलेली नव्हती.

ऑफिसातल्या मोनिका मॅडमचं म्हणणं, जाहिराती अडवल्या पाहिजेत. त्यांनी एकदा सोफा कसला घ्यावा एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून तो सोफा त्यांच्या मागं लागला होता, भजन ऐकायला बसल्या तरी मधे यायचा. शिपायापासून उपप्राचार्यांपर्यंत प्रत्येकाचा ब्राउझर वेगळा निघाला, प्रत्येकाला दुसऱ्याचा फालतू वाटत होता. एका ब्राउझरवरून गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे सर हमरीतुमरीवर आले आणि दोन दिवस एका डब्यात जेवले नाहीत.

घरी येऊन राजेंद्ररावांनी रूपाताईंनाही विचारलं, कारण लोकशाही. "तुला ब्राउझरमध्ये काय महत्त्वाचं वाटतं?"

रूपाताई कणीक मळत होत्या. "मला त्यानं पासवर्ड विचारू नये, बस. घरात तेवढा एकच आहे ज्याच्या एकदा सांगितलेलं लक्षात राहतं."

हा टोला कोणाला होता हे राजेंद्ररावांना कळलं, पण त्यांनी तो कार्यवाहीत नोंदवला नाही.

सगळ्यांचा सल्ला घेऊन झाल्यावर त्यांनी, आपल्याकडची पद्धत आहे तशी, कोणाचाच न ऐकता एक नवाच ब्राउझर उतरवून घेतला. त्याच्या चिन्हाचा रंग छान होता. आणि जुन्याला निरोप देण्याआधी त्यातलं सगळं पुसायला बसले. जुन्यानं विचारलं, काय काय पुसू? पुढं छोटे छोटे चौकोन. पाहिलेली पानं. शोधलेलं. साठवलेले पासवर्ड. असंच आणखी बरंच.

इथं दुसऱ्या कोणी थोडा विचार केला असता. पण राजेंद्ररावांचं सगळं आयुष्य अर्जांवर गेलेलं. रकाना कोरा सोडला की अर्ज त्रुटीत निघतो, हे त्यांनी पोरांना आणि पोरांच्या बापांना ओरडून ओरडून सांगितलेलं. त्यांच्यानं कोरा चौकोन बघवेना. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्यांवर खुणा केल्या, एकदा तपासून बघितलं आणि बटण दाबलं.

पहिली हाक स्वयंपाकघरातून आली. "अहो, हे गॅसचं मला विचारतंय तुम्ही कोण म्हणून!" मग लाईट बिल विचारायला लागलं. मग फोन वाजला, फुलंब्रीहून गोकुळ.

"दादा, काय केलं तुम्ही? डेअरीचं पान उघडंना. लई दिवसापासून आत होतो मी, मला कधी कोणी बाहेर काढलं नाय. आज म्हणतंय पासवर्ड सांग. मला काय माहीत पासवर्ड? तुम्ही तर म्हणले होते तो लक्षात ठेवतो म्हणून!"

"घाबरू नको. तांत्रिक बाब आहे. मी करतो," राजेंद्रराव म्हणाले. आणि 'मी करतो' म्हणून त्यांनी खात्याच्या पानावर जाऊन जे काही दाबलं त्यात एक बटण 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' असं होतं. बाहेर पडून पुन्हा आत आलं की गोष्टी सुरळीत होतात, हा त्यांचा पंख्यापासून प्राचार्यांपर्यंतचा अनुभव. त्यांनी दाबलं. तुपे घराणं एका क्षणात रस्त्यावर आलं.

आता फोन चतुराबाईंचा होता. गोकुळच्या पोराच्या साध्या फोनवरून. "राज्या, त्यो मला वळखंना झाला रं! कालपर्यंत चांगला बोलत व्हता. आज म्हणतो तू कोण? मी काय वाईट बोलले का त्याला?"

"नाही गं आई, होतंय दुरुस्त."

"आन् गोकुळला म्या इचारलं, रविवारी कुठं जायचंय तुला, शर्टाला इस्त्री केली म्हणून. तर म्हणला डेअरीत. डेअरीत कोण इस्त्रीचा शर्ट घालतं?"

राजेंद्ररावांनी "रेंज जातीय" म्हणून फोन ठेवला. गोष्ट अशी होती, की रविवारचं आईला सांगायचं नाही असं त्यांनीच ठरवलं होतं. मागच्या एका स्थळाच्या वेळी चतुराबाईंनी पोराच्या आईला तोंडावर विचारलं होतं, "तुमचं आन् तुमच्या सासूचं पटलं का कधी?" ते स्थळ चहा अर्धा टाकून गेलं होतं. तेव्हा आईला जमल्यावर सांगू, उगीच गुडघ्यांना त्रास नको, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली होती.

खात्यात परत शिरायचं तर ओटीपी पाहिजे. ओटीपी कोणत्या नंबरवर गेला? अझहरच्या. खातं काढताना त्यानं स्वतःचाच नंबर टाकला होता. राजेंद्ररावांनी त्याला फोन लावला.

"सर, ओटीपी तर सकाळपासून ढीगभर आलेत," अझहर म्हणाला. "तुमचा कोणता?"

"तुपे नावाचा बघ ना."

"ओटीपीवर नाव नसतं सर. निम्म्या तालुक्याची खाती माझ्याच नंबरवर हायत. लोक नंबर बदलतात, मी नाय बदलत. म्हणून भरवशाचा म्हणून माझाच टाकतो. थांबा, हा एक आत्ता आला. घ्या."

तो टाकला तर चुकीचा. तो कोणा सरपंचबाईंचा होता. दुसरा टाकेपर्यंत त्याची वेळ संपली. तिसऱ्याच्या आधी ब्राउझरला संशय आला की समोर माणूस आहे की यंत्र, आणि त्यानं एका रस्त्याचं चित्र दाखवून सिग्नल असलेले चौकोन निवडायला सांगितलं. राजेंद्रराव खुर्चीत ताठ बसले. सिग्नलचा खांब हा सिग्नलमध्ये धरायचा की नाही? धरला तर कोणत्या नियमानं, सोडला तर कोणाच्या परवानगीनं? वर विचारायला कोणी नव्हतं. त्यांनी खांब धरला. ब्राउझरनं तो अमान्य केला. पुढच्या वेळी सोडला, तेव्हाही अमान्य झाला. सरकारी नियमांनी आजवर त्यांना एवढं छळलं नव्हतं. शेवटी तनुजानं मागून हात घालून निमूटपणे निवडले, आणि अझहरनं तेवढ्यात नेमका त्यांचाच ओटीपी सांगितला. दार उघडलं. त्यानं दुकानात बसवून गोकुळचा आणि चतुराबाईंचा फोनही पुन्हा जोडून दिला.

"आता कसं," राजेंद्रराव घाम पुसत म्हणाले. "नवा ब्राउझर. कोरी पाटी." तनुजा काहीतरी बोलणार होती. पण वडिलांचा चेहरा बघून गप्प बसली, आणि हीच तिची त्या आठवड्यातली एकमेव चूक.

रविवारी बोरसे आले. सांडूराव म्हणजे भरदार माणूस, पांढरी टोपी, आवाज शेतातून बांधावर बोलावल्यासारखा. त्यांच्या मिसेस, हिरव्या काठाच्या साडीत. आणि ऋतुराज, सोफ्याच्या कडेला, जागा अडू नये असा बसलेला. तुपेंकडून गोकुळ इस्त्रीच्या शर्टात हजर. जास्तीच्या खुर्च्या निजामुद्दीनभाईंच्या होत्या, म्हणून खुर्च्यांबरोबर ते स्वतःही होते. पोहे झाले, चहा झाला, पावसापाण्याचं झालं. सांडूरावांना घर आवडलेलं दिसत होतं. तनुजा ट्रे घेऊन आली तेव्हा ऋतुराजनं तिच्याकडं बघून जे केलं त्याला हसणं म्हणतात, आणि ती पण हसली. रूपाताईंनी दाराआडून ते बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"आता मामांना घेऊ," राजेंद्रराव म्हणाले, आणि टीव्हीजवळ गेले. "आमच्याकडं हे सगळं मीच बघतो. प्रायव्हसी महत्त्वाची. नवा ब्राउझर टाकलाय मुद्दाम."

मामांची लिंक आली होती. ती कुठं टाकायची? राजेंद्रराव कोणतीही गोष्ट शोधायच्याच चौकोनात टाकतात. त्यांनी क्लिक केलं.

कन्नडचे सांडू बोरसे माणूस कसा आहे
सांडू बोरसे कन्नड भांडणं
वडिलांना टक्कल असेल तर मुलाला पडतं का

ब्राउझर नवा होता, पण खातं तेच होतं. त्यातलं कोणी काही पुसलंच नव्हतं, आणि राजेंद्ररावांनी स्वतःच घाम गाळून त्यात पुन्हा प्रवेश मिळवला होता.

राजेंद्ररावांनी रिमोट उचलून टीव्ही बंद करायचा प्रयत्न केला, तर एसी चालू झाला. गोकुळ टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला, पण तो अंगानं किरकोळ, दोन्ही बाजूंनी सगळं वाचता येत होतं. सांडूराव पेपर वाचावा तसं सावकाश, मोठ्यानं वाचत होते. तिसऱ्या ओळीवर आले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. डोकं चकचकीत होतं. ऋतुराजचा हात आपोआप स्वतःच्या केसांकडं गेला.

"हे कोणी इचारलं?" सांडूराव म्हणाले.

दारात तनुजा उभी होती, रिकामा ट्रे छातीशी धरून, आणि तिच्या डोळ्यात पाणी तरारलं होतं. ती वडिलांकडं बघतही नव्हती. आजवर राजेंद्ररावांनी ऑफिसात झालेली प्रत्येक चूक कोणा ना कोणाच्या टेबलावर सरकवलेली. इथं सरकवायला टेबल नव्हतं.

"पहिले दोन मी विचारले," ते म्हणाले. "पोरगी द्यायची म्हणजे... बापाचा जीव आहे हो. चुकलं माझं. तिला यातलं काही माहीत नाही."

"आणि टक्कल मी," आतून रूपाताई म्हणाल्या.

"मग?" सांडूरावांनी टोपी मांडीवर ठेवली. "काय म्हणला त्यो? पोराला पडंल का?"

"तो म्हणला, आईच्या वडिलांकडं बघायचं असतं," रूपाताई म्हणाल्या.

ऋतुराजच्या आई इतका वेळ जमिनीकडं बघत होत्या, त्या ताठ झाल्या. "माझ्या वडिलांचे केस शेवटपर्यंत दाट होते. न्हाव्याची कात्री चालायची नाय."

"या अल्ला, फिर तो मसला खतम," निजामुद्दीनभाई पुटपुटले.

"ते जाऊ द्या," सांडूराव म्हणाले. "माझ्याबद्दल काय सांगितलं?"

"काहीच नाही," राजेंद्रराव म्हणाले. "एका लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये तुमचं नाव निघालं, तेवढंच."

आता मात्र सांडूरावांचा चेहरा खरोखर पडला. चौकशी केली याचा राग त्यांना आलेला दिसत नव्हता, पण चौकशीत काहीच सापडलं नाही हे त्यांना झोंबलं. "तेवढंच? अहो, सरपंच होतो मी गावचा! पाण्याची टाकी बांधली! ते बी नाय? तुम्ही नीट हुडकलं नसंल. परत टाका. माझ्यासमोर टाका."

राजेंद्ररावांनी पुन्हा चौकोनात क्लिक केलं. आणि सगळ्या प्रश्नांच्या वर एक नवाच प्रश्न बसलेला दिसला.

तनुजाचं जमलं का

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. "हे आता कोण?" सांडूरावांनी विचारलं.

"आई," गोकुळ हळूच म्हणाला. "आमची आई. फुलंब्रीला. तिनं मोबाईलला इचारलं असंल."

"मोबाईलला? तुम्हाला नाय इचारलं?"

"आम्ही सांगत नव्हतो ना," गोकुळनं मान खाली घातली. "दादा म्हणले..."

"गुडघे दुखतात तिचे," राजेंद्रराव घाईघाईनं म्हणाले. मग त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. अर्ज नाकारताना ते असंच बोलायचे. ते थांबले. "नाही. गुडघ्याचं नाही. ती तोंडाची फटकळ आहे. काहीतरी बोलेल आणि तुम्ही उठून जाल, म्हणून तिला कळूच दिलं नाही मी."

आणि त्यांचा हात माऊसवर होता, तो नकळत दाबला गेला. नवी ओळ आली होती.

मला का नाय सांगितलं

राजेंद्ररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर त्यांनी काय काय लपवायचा आटापिटा केला, कोणाकोणाच्या पाया पडले, आणि ज्या बाईनं त्यांना पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं ती बाई फुलंब्रीत एकटी बसून मोबाईलला विचारत होती. तनुजाला हुंदका आला. "आजीला तरी सांगायचं होतं ना, पप्पा," ती म्हणाली. चष्मा काढून राजेंद्रराव नुसते पुसत राहिले.

सांडूराव उठले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि बायकोला म्हणाले, "चला."

संपलं. रूपाताई दाराला धरून उभ्या राहिल्या. ऋतुराज उठला नाही. तो पहिल्यांदाच बोलला, "अण्णा, थांबा की."

"थांबून काय करायचं? म्हातारी तिकडं वाट बघतीया," सांडूराव म्हणाले. "हे बघा तुपेसाहेब, येताना आम्ही वेरूळवरून आलो, जाताना फुलंब्रीवरून जाऊ. थोडी वाट वाकडी व्हईल, व्हऊ द्या. पोरीची आजी असताना तिला सोडून मी इथं सुपारी फोडणार नाय. कुंकू तिथंच लावू, तिच्या हातानं. ती मला काय बोलायचं ते बोलू द्या. माझी आई जित्ती असती तर तिनं बी तुम्हाला दोन शब्द ऐकवलेच असते."

"आणि मामा?" राजेंद्ररावांनी विचारलं. कारण फोन केव्हाचा वाजत होता आणि दुबईहून मामा विचारत होते की लिंक चालत कशी नाही.

"मामाला नंतर कळवू. त्याचं काय, त्यो व्हय म्हणतोच. आधी तिला उत्तर द्या. लिहा तिथंच."

राजेंद्रराव लॅपटॉपवर वाकले. एका बोटानं, काना मात्रा तपासून, त्यांनी त्या शोधायच्या चौकोनात लिहिलं: आई जमलं. आम्ही सगळे येतो तिकडं. आणि बटण दाबलं.

ब्राउझरनं इमानेइतबारे शोध घेतला आणि मंगल कार्यालयं, मेंदीवाल्या, पैठणीची दुकानं आणि एक सोफा असं सगळं पुढं मांडलं. कोणी तिकडं बघितलं नाही. तनुजा येऊन वडिलांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली होती, तिच्यामागं जरा अंतर राखून ऋतुराज. सगळे टीव्हीकडं डोळे लावून होते. "अम्माजी वाचतायत," निजामुद्दीनभाई म्हणाले, "अक्षर लावून लावून वाचतायत, टाईम लगता." थोड्या वेळानं राजेंद्ररावांनी धीर करून चौकोनात क्लिक केलं.

माणसं किती

गोकुळ हसता हसता रडायला लागला. सांडूरावांनी खोलीभर नजर फिरवली, बोटं दुमडत मोजलं, निजामुद्दीनभाईंनाही त्यात धरलं, आणि म्हणाले, "लिहा."